मैदानाच्या कडेला बसणाऱ्यांची तयारी

खेळात करिअर करायचे आहे, असे एखादा विद्यार्थी म्हणाला की घरचे आणि शिक्षक त्याचा अर्थ एकच घेतात: याला खेळाडू व्हायचे आहे. मग एकतर त्याला प्रशिक्षकाकडे धाडले जाते, नाहीतर ‘आधी अभ्यास पुरा कर’ असे सांगून विषय मिटवला जातो. खेळाडू म्हणून चरितार्थ चालवणारे थोडेच असतात, हे खरे आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांचे नियमन करणारी एनसीएए ही संस्थाच सांगते की तिच्या खेळाडूंपैकी २ टक्क्यांहूनही कमी जण पुढे व्यावसायिक खेळाडू होतात. आणि हे प्रमाण महाविद्यालयाच्या संघापर्यंत पोहोचलेल्यांचे, म्हणजे एका चाळणीतून आधीच पार झालेल्यांचे आहे. पण स्पर्धा उभी करायला खेळाडूंखेरीज किती माणसे लागतात, हे आपण मुलांना क्वचितच दाखवतो. २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून सुमारे १५,००० खेळाडू उतरले, आणि नुसते स्वयंसेवकच ४५,००० च्या घरात होते. पगारी माणसे वेगळीच.

या माणसांना खेळाची आवड असते, परंतु त्यांचे पोट त्या आवडीवर चालत नाही. ते हिशेब, वैद्यक, कायदा, लेखन, यंत्रे किंवा व्यवस्थापन यांपैकी एखाद्या विद्येवर चालते. म्हणून १४ ते १८ या वयात शाळेने करायचे काम माझ्या मते एकच आहे: विद्यार्थ्याला जी विद्या जमते तिची खेळाशी गाठ घालून देणे. त्यासाठी नवा विषय आणि नवे पाठ्यपुस्तक लागत नाही, शाळेतले सामने पुरतात. अट एवढीच की त्या सामन्यांतली कामे मुलांकडे खरोखर सोपवली पाहिजेत.

गुणलेखनाचेच पाहा. क्रिकेटच्या नियमांत दोन गुणलेखक सांगितले आहेत आणि त्यांनी आपापल्या नोंदी परस्परांशी वारंवार पडताळून पाहायच्या असतात. फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा यांची बेरीज संघाच्या धावसंख्येइतकी यावी लागते. दुसरीकडे गोलंदाजांच्या नावावर लागलेल्या धावांत बाय, लेगबाय आणि काही दंडाच्या धावा असल्यास त्या मिळवल्या, तरी तोच आकडा यावा लागतो. वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात, बाय जात नाहीत, हा भेद विसरला की ताळा जुळत नाही आणि मुलाला चूक शोधत षटकागणिक मागे जावे लागते. जमाखर्चाची शिस्त याहून चांगली कुठे शिकायला मिळेल, मला माहीत नाही. शिक्षकाने ती चूक स्वतः शोधून देण्याचा मोह मात्र आवरावा.

भूमितीच्या तासाला ट्रॅक आखायला द्यावा. प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकच्या दोन्ही सरळ बाजू प्रत्येकी ८४.३९ मीटरच्या आणि वळणांची त्रिज्या ३६.५० मीटर असते. पहिल्या लेनचे अंतर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात, बाकीच्या लेनचे २० सेंटिमीटरवर, आणि लेनची रुंदी १.२२ मीटर असते. एवढ्या माहितीवरून वर्तुळाच्या परिघाचे सूत्र येणारा कोणताही विद्यार्थी काढू शकतो की ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनच्या धावपटूला ७.०४ मीटर पुढे उभे करावे लागेल आणि त्यापुढच्या प्रत्येक लेनला आधीच्या लेनपेक्षा ७.६७ मीटर अधिक द्यावे लागतील. पहिला फरक वेगळा का, हे ज्याने स्वतः शोधले, त्याच्या हाती टेप द्यायला हरकत नाही.

गणिताने खेळाचा न्याय बदलल्याचे उदाहरण तर आपल्या ओळखीचे आहे. १९९२ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पाऊस आला तेव्हा दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या; पाऊस थांबल्यावर तत्कालीन नियमाने १ चेंडूत २१ धावा करायला सांगितले. पावसाने षटके कमी झाली की नवे लक्ष्य ठरवण्याची फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन संख्याशास्त्रज्ञांची पद्धत १९९७ पासून वापरात आली, आणि तिच्या मुळाशी असलेला, उरलेली षटके आणि हाती असलेले गडी यांचा एकत्रित विचार अकरावीच्या मुलालाही समजावता येतो.

जीवशास्त्राकडे कल असलेल्यांना दुखापतींइतकेच उत्तेजकांचे नियम शिकवावेत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, ‘वाडा’, १९९९ मध्ये स्थापन झाली. तिची निषिद्ध द्रव्यांची यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते, आणि नमुन्यात द्रव्य सापडले की हेतू काहीही असला तरी नियमभंग ठरू शकतो. खोकल्याच्या साध्या औषधाची चिठ्ठी वाचता येणारा औषधतज्ज्ञ संघाला का हवा असतो, ते यावरून कळते.

आता दोन अप्रिय गोष्टी. पहिली अशी की यातली काही कामे संपणार आहेत. विम्बल्डनमध्ये २०२५ पासून रेषापंच नाहीत; चेंडू आत की बाहेर, हे कॅमेऱ्यांची यंत्रणा सांगते. त्यामुळे मुलाला एका खुर्चीसाठी घडवू नये. नियम वाचणे, ताण असताना निर्णय देणे आणि चुकीचा निर्णय मान्य करून तो दुरुस्त करणे हे ज्याला जमते, त्याची खुर्ची गेली तरी तो उपयोगाचा राहतो.

दुसरी गोष्ट पैशाची आणि वेळेची आहे. लोक सुटीवर असतात तेव्हा या क्षेत्रात काम असते. संध्याकाळ, रविवार, सण हीच कामाची वेळ. सुरुवातीची पुष्कळ कामे अनुभवाच्या नावाखाली फुकट करून घेतली जातात, आणि ज्यांच्या घरी पैसा आहे तेच ती करू शकतात. तेव्हा अशी संधी आली की शाळेने आधी विचारावे: काम नेमके कोणते, शिकवणार कोण, किती तासांचे, आणि येण्याजाण्याचा व जेवणाचा खर्च कोण देणार. अल्पवयीन मुलांची जबाबदारी कोणाकडे, हेही लेखी घ्यावे. उत्तरे टाळणाऱ्या आयोजकाकडे विद्यार्थी पाठवू नयेत, स्पर्धा कितीही मोठी असो.