मागाशेजारी

(दृश्य : सकाळचा उजेड, पत्र्याचं शेड, चालू माग)

सोलापूरच्या पूर्व भागात सकाळ कोंबड्यानं होत नाही, मागानं होते. चार माग एकदम सुरू झाले की शेजारच्याशी बोलायलाही तोंड त्याच्या कानापाशी न्यावं लागतं. इथं प्रवचन देणं कुणालाच जमणार नाही. शिष्यत्वावरची ही फिल्म इथून सुरू करायचं आम्ही ठरवलं, ते त्याचमुळे.

हे दादा. नाव नको म्हणाले, म्हणून नुसतं दादा. तीस वर्षांहून जास्त काळ जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर चादरी विणतायत. रविवारी चर्चमध्ये उपासनेला मागच्या बाकावर बसतात. पाळकांनी साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांपुढे सांगायला, बोलावलं की त्यांना नेमकी तेव्हाच तहान लागते आणि ते बाहेर जातात.

त्यांच्या शेजारचा पोरगा एकोणीस वर्षांचा. घर गल्लीतच, तेलुगू बोलणारं. बारावीनंतर शिक्षण सुटलं, वडील गेले, मग रात्री नाक्यावर आणि दिवसभर झोप. दादांनी त्याला उपदेश केला नाही, पत्रक दिलं नाही. एवढंच म्हणाले, "सकाळी कांड्या द्यायला ये की." कांड्या म्हणजे आडव्या सुताच्या नळ्या.

(दृश्य : माग थांबतो. तुटलेला धागा जवळून)

आता हे नीट बघा. उभ्या हजारो धाग्यांतला एक तुटलाय. दादा माग थांबवतात, बोटांनी टोक शोधतात, जोडधागा घेऊन गाठ मारतात, शेपूट कातरतात. गाठ बारीक हवी. जाड झाली की फणीत अडकते आणि धागा पुन्हा तुटतो. पोराच्या पहिल्या महिन्यातल्या गाठी सगळ्या जाडच. त्या महिन्यात माल कमी निघाला, मजुरीही कमी पडली. दादांनी त्याच्या हातातून धागा काढून घेतला नाही. आम्ही शूटिंग करत होतो त्या दिवशीसुद्धा एकच वाक्य ऐकलं, "घाई नको की बे, आधी टोक शोध."

'शिष्य' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुरूच्या पायाशी बसलेला कुणीतरी येतो. शुभवर्तमानातले, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातले, शिष्य मात्र फारसे बसलेले दिसत नाहीत. ते चालतात, होडी वल्हवतात, शेतातून जाताना कणसं मोडून खातात, मोठा कोण यावरून वाटेत भांडतात. मार्काच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, येशू बारा जणांना नेमतो. कशासाठी, हेही तिथं लिहिलंय : त्यांनी आपल्याबरोबर असावं म्हणून. घोषणा करायला पाठवणं त्याच्यानंतर येतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आणि मला वाटतं बऱ्याच मंडळींत, हा क्रम उलटा झालाय. आधी वर्ग, वही, प्रमाणपत्र. बरोबर असणं वेळ उरला तर.

सोलापूरकराला ओळखीचा वाटावा असा एक प्रसंग बायबलमधल्या लूकनं लिहिलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, अठराव्या अध्यायात आहे. इ.स. 50 च्या सुमाराची गोष्ट. सम्राट क्लौद्यानं यहुद्यांना रोम सोडायला लावलं. त्यांतलं अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं करिंथ शहरात येऊन राहिलं. धंदा तंबू करण्याचा. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाचाही तोच, म्हणून तो त्यांच्याच घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. करिंथात तो दीड वर्ष होता. शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात तो बोलायचा, पण हात चालायचे ते या दोघांच्या शेजारी. गाव सोडून आलेलं कारागीर कुटुंब, घरातच कारखाना, तिथंच जेवण, तिथंच पाहुणा. तेलंगणातून माग घेऊन आलेल्या घरांच्या या शहराला यातलं काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढं हेच जोडपं इफिसात अपुल्लो नावाच्या फर्ड्या वक्त्याचं भाषण ऐकतं. त्याच्या शिकवणीत काहीतरी कमी आहे हे त्यांच्या लक्षात येतं. ते त्याला चारचौघांत टोकत नाहीत. आपल्याकडे घेऊन जातात आणि देवाचा मार्ग जास्त नीट समजावून सांगतात. तिथं जेवण काय होतं ते लूकनं लिहिलेलं नाही. मी माझ्या मनानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढून टाकतो.

(दृश्य : दुपार, ओसरी, सुपात तेंदूची पानं)

दोन गल्ल्या सोडून अक्का विड्या वळतायत. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. समोर बसलेल्या मावशी आमच्या मंडळीतल्या. त्यांना विडी वळता येत नाही, त्या नुसती पानं पुसून देतात. अक्कांच्या पीएफच्या कागदांवर नावात एका अक्षराची चूक आहे. त्यापायी दोघींनी मिळून किती खेपा घातल्या याचा हिशेब दोघींपैकी कुणाकडेच नाही. अक्कांच्या देव्हाऱ्यात मार्कंडेय आहे. मावशी निघताना अक्कांच्या पोरीसाठी प्रार्थना करतात, आधी "करू का?" असं विचारून. कधी अक्का म्हणतात, "आज नको, घाईय." मग मावशी चपला घालतात.

असं नुसतं सोबत असणं मला जमलेलं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या मित्राचे वडील दवाखान्यात होते. मी रात्रभर त्याच्या सोबतीला बसलो खरा, पण खिशात बायबलमधली वचनं लिहून नेली होती. तो गप्प झाला की मी एक वचन काढायचो. पहाटे तो म्हणाला, "तू जरा चहा आणतोस का?" मी चहा घेऊन आलो तेव्हा तो भिंतीला टेकून रडत होता. मी बाहेर गेल्यावरच त्याला रडता आलं होतं.

(दृश्य : पालखीचा रस्ता)

आषाढीच्या आधी शेगावची पालखी सोलापुरातून पंढरपूरकडे जाते. तेव्हा दादा मागावरून उठून रस्त्यावर येतात, वारकऱ्यांना पाणी देतात. एका वर्षी मंडळीतल्या कुणीतरी हटकलं, "तुम्ही इथं कसे?" दादा म्हणाले, "पाय दुखतायत त्यांचे." एवढंच. यावर धर्मशास्त्रात पुष्कळ वाद घालता येईल आणि आमच्याकडे तो घातलाही गेला.

पोराचं पुढं काय, असं लोक विचारतात. बाप्तिस्मा घेईल का? मी हेच दादांना विचारलं. ते जरा चिडलेच. "त्यासाठी बोलावला असता तर त्याला कळलं नसतं का बे? गळ लावून दोस्ती करतात व्हय?" येशूबद्दल त्याला सांगायचंय, हे ते लपवत नाहीत. पण ती मजुरीची अट नाही.

(दृश्य : वीज गेलेली, माग बंद)

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी वीज गेली. शेडमध्ये एकदम शांतता. पोरगा कांड्यांच्या टोपलीपाशी बसला होता. त्यानं विचारलं, "दादा, रोज माग चालू करायच्या आधी हात ठेवून काय पुटपुटता?"

दादांनी चष्मा काढला, बनियनला पुसला. तेवढ्यात वीज आली. चारही माग एकदम सुरू झाले. दादा त्याच्याकडे वाकले आणि कानापाशी तोंड नेऊन बोलू लागले, बराच वेळ. आमच्या माइकमध्ये फक्त मागाचा आवाज आलाय.