कुलूप लावून खेळलेला सामना

नमस्कार श्रोतेहो. आज एका कॉलेजच्या बास्केटबॉल कोचबद्दल बोलायचंय. जॉन मॅक्लेंडन. नाव लक्षात ठेवा, जॉन मॅक्लेंडन.

जन्म १९१५ सालचा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला. कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकायला गेले, तर तिथं मार्गदर्शक कोण? जेम्स नेस्मिथ! १८९१ साली पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ ज्यांनी सुरू केला, ते खुद्द नेस्मिथ. पण मॅक्लेंडन कृष्णवर्णीय. खेळाच्या जनकाजवळ शिकायचं, आणि विद्यापीठाच्या संघातून मात्र खेळायचं नाही. पोहायला तलावात उतरले, तर त्यातलं पाणी काढून टाकलं गेलं. महाडचं चवदार तळं आठवलं ना? मलाही तेच आठवलं.

पुढे नॉर्थ कॅरोलिनात डरहॅम गावी, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात ते कोच झाले. तेव्हा बास्केटबॉल संथ असायचा. यांनी मुलांना पळवलं. चेंडू हाती आला की पळा, आणि समोरच्याला संपूर्ण कोर्टभर दम घेऊ देऊ नका. त्यासाठी मुलांचा दमसास वाढवला. आपल्याकडे खेळाचा तास गणिताच्या राहिलेल्या धड्याला देऊन टाकतात. हे थांबायला हवं, मी प्रत्येक पालकसभेत हे बोलतो.

तर आता तो सामना. तारीख १२ मार्च १९४४, रविवारची सकाळ. डरहॅममध्येच गोऱ्यांचं ड्यूक विद्यापीठ. तिथल्या वैद्यकीय शाखेच्या मुलांचा संघ जबरदस्त होता, काही जण कॉलेजात नावाजलेले खेळाडू. दोन्ही संघ एकाच गावात, आणि एकमेकांशी खेळायची सोय नाही. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळायचंच नाही, असा तिथला शिरस्ता. तो मोडला तर काय होईल, याची भीती खरी होती. याच गावात पुढे चार महिन्यांनी एका बस ड्रायव्हरनं एका कृष्णवर्णीय सैनिकाला गोळी घालून मारलं, आणि तो निर्दोष सुटला.

मॅक्लेंडननी वेळ निवडली सकाळची, गाव चर्चमध्ये असतानाची. ड्यूकची मुलं उसन्या गाड्यांतून, आडवळणानं आली. डोक्यावरून जाकिटं ओढून जिममध्ये शिरली. दाराला आतून कुलूप. पोलिसांना पत्ता नाही, कॉलेजच्या वरिष्ठांनाही नाही. आत प्रेक्षक नाहीत. एक पंच, एक घड्याळ बघणारा. कुणकुण लागलेली काही पोरं तेवढी बाहेरून भिंतीवर चढून खिडकीतून डोकावत होती.

शिट्टी वाजली. सुरुवातीला दोन्हीकडच्यांचे हात थरथरत होते. सोपे पास चुकले, सोप्या बास्केट हुकल्या. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या रंगाच्या माणसाला खांदा लागत होता हो! मग मॅक्लेंडनची मुलं पळायला लागली. आणि एकदा पळायला लागली ती थांबलीच नाहीत. शेवटचा आकडा ऐका: ८८–४४. पुन्हा सांगतो, अठ्ठ्याऐंशी–चव्वेचाळीस. बरोबर दुप्पट.

पण मला सगळ्यात आवडतं ते यानंतरचं. थोडी विश्रांती झाली आणि ते परत कोर्टवर उतरले. या वेळी संघ मिसळून! अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे, एकाच बाजूनं. आणि खेळून झाल्यावर सगळे वसतिगृहात गेले, गप्पा मारत बसले. त्या काळी एकत्र बसून गप्पा मारणंसुद्धा जोखमीचं होतं.

गावातल्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाच्या एका वार्ताहराला हे ठाऊक होतं. त्यानं शब्द दिला होता, एक ओळ लिहिली नाही. जगाला कळलं थेट १९९६ साली, बावन्न वर्षांनी. बातमी दडपली म्हणून त्याला बोल लावणारे भेटतात, मला ते पटत नाही. त्या मुलांचे जीव बातमीपेक्षा मोठे होते.

मॅक्लेंडनची पुढची कारकीर्द झरझर सांगतो. टेनेसी ए अँड आय कॉलेजला १९५७, ५८, ५९, सलग तीनदा राष्ट्रीय विजेतेपद. १९६६ साली क्लीव्हलँड स्टेटला कोच. बहुसंख्य गोऱ्यांच्या विद्यापीठाला मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. १९७९ साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं, पण खेळाला हातभार लावल्याबद्दल. कोच म्हणून त्यांचं नाव तिथं लागलं २०१६ साली. ते १९९९ सालीच गेले होते.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.