संशोधनाचे प्रश्न ठरवताना आम्हालाही बोलवा

(दृश्य: तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग. विरळणीचं काम.)

फळछाटणी होऊन महिना-दीड महिना झाला की तासगाव पट्ट्यात विरळणीची घाई सुरू होते. मांडवाखाली मान वर करून उभं राहायचं, एका हातात घड धरायचा आणि छोट्या कात्रीनं दाटीतले मणी काढून टाकायचे. राहिलेल्या मण्याला कात्रीचं टोक लागलं तर तो पुढं सडतो आणि शेजारचे मणीही नासतात.

या टोळीतल्या एका ताईंना काही वर्षांपूर्वी आवाज ऐकू यायला लागले. कुणीतरी सतत शिव्या देतंय असं वाटायचं. देवऋषी झाले, अंगारे झाले, शेवटी मिरजेला डॉक्टर. गोळ्या सुरू झाल्या आणि आवाज थांबले. केसपेपरवर सुधारणा चांगली असल्याची नोंद आहे. ताई म्हणतात, "डोकं शांत झालं, ते खरंय. पण हात कापतोय ओ. कात्री मण्याला लागती. घड बिघडला की दुसऱ्या दिवशी कोण बोलवत न्हाई." त्यांचा चेहरा आणि गाव दाखवायचं नाही, असं त्यांनी सांगितलंय.

हाताचा कंप हा अशा काही गोळ्यांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. डॉक्टरांनी डोस कमी केला किंवा औषध बदललं की तो बऱ्याचदा आटोक्यात येतो. (गोळी आपल्या मनानं मात्र बंद करायची नाही, आजार उलटतो.) भास किती, संशय किती, झोप किती, हे मोजायच्या प्रश्नावल्या संशोधकांकडं आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. पण विरळणीला परत जाता आलं का, हा प्रश्न त्यात यायचा तर तो सुचवणारं कुणीतरी प्रश्न ठरवायच्या बैठकीत असायला हवं. मानसिक आजाराशी जगणाऱ्या माणसांना संशोधनात भागीदार करा, असं म्हणायचं ते यासाठी.

(दृश्य: रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. बाकांवर बसलेली माणसं.)

ओपीडीत नाव पुकारलं की आत दोघं जातात: पेशंट, आणि सोबत आलेला भाऊ, नवरा किंवा आई. पहिला प्रश्न बहुतेक वेळा सोबतच्यालाच, "आता कसं आहे यांचं?" बाहेर रांग असते, डॉक्टर एकटे असतात, हेही खरं. पण हीच सवय संशोधनात शिरते. फॉर्म भावाला समजावला जातो, भाऊ मान हलवतो, आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय त्याची सही किंवा अंगठा शेवटी घेतला जातो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सालचा. 29 मे 2018 पासून तो लागू आहे. मुलाखत असो की औषधाची चाचणी, संशोधनासाठी त्या व्यक्तीची स्वतःची, समजून दिलेली संमती हवी, आणि ती केव्हाही मागे घेता येते, असं हा कायदा सांगतो. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा होऊन गेलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी असावेत, हेही त्यात आहे. म्हणजे धोरण ठरवताना त्यांच्यासाठी खुर्ची आहे. संशोधनात त्यांच्या वाट्याला अजून फक्त 'हो' किंवा 'नाही' येतं, आणि तेही काय शोधायचं हे ठरून गेल्यावर.

विचारणारा बदलला की उत्तर किती बदलतं, याचं लंडनमधलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. डायना रोझ यांनी स्वतः ईसीटी, म्हणजे आपण ज्याला शॉक म्हणतो, तो उपचार घेतला होता. पुढं संशोधक म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या उपचाराबद्दल रुग्णांचं म्हणणं नोंदवणारे जुने अभ्यास एकत्र तपासले आणि 2003 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष मांडले. डॉक्टरांनी केलेल्या अभ्यासांत रुग्ण जास्त समाधानी दिसत होते, रुग्णांच्या सहभागानं झालेल्या अभ्यासांत कमी. उपचार संपल्या संपल्या, दवाखान्यातच, डॉक्टरांनीच दोन-चार प्रश्न विचारले तर आपणही 'बरं आहे' असंच म्हणू. निदान एक तृतीयांश रुग्णांनी शॉकनंतर आठवणी गेल्या त्या परत आल्याच नाहीत, असं सांगितलं होतं. या उपचारानं सावरलेली माणसं आहेत, आणि भूल न देता तो करायला आपल्या कायद्यानं बंदी आहे. तरी गेलेल्या आठवणींचा हिशेब इतक्या नेटानं मांडला तो ज्यांच्या गेल्या होत्या त्यांनी.

ब्रिटनमध्येच 2011 साली स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-संशयाचा आजार, असलेली माणसं, त्यांच्या घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून संशोधनासाठी सर्वांत निकडीचे दहा प्रश्न काढले. त्यांत गोळ्यांनी वाढणारं वजन होतं, लैंगिक अडचणी होत्या. आपल्याकडं लग्न ठरलं की गोळ्या लपवणारी, मग सोडूनच देणारी तरुण मुलं-मुली आहेत. त्यांच्याशी याबद्दल कोण बोलतं?

(दृश्य: सांगलीचा आयर्विन पूल. कृष्णेचं पात्र.)

सांगलीचे प्रश्न सांगलीची माणसंच काढतील. 2005, 2019, 2021 चे महापूर आठवा. पाणी चढायला लागलं की माणूस आधी पोरं, म्हातारी माणसं, जनावरं, कागदपत्रं बघतो. गोळ्यांची स्ट्रिप फळीवर राहते. निवाऱ्याच्या शाळेत ताप-जुलाबाचं औषध मिळेल; मनाच्या आजाराची गोळी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठी पाण्याखाली. गोळ्या अचानक तुटल्या की झोप उडते, आजार परतायची भीती वाढते. नदीकाठचे पाच-सात जण नुसते एकत्र बसवा, हा प्रश्न पहिल्या तासात निघेल. कुणी चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला असेल, कुणी चार दिवसांच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत बांधून ठेवत असेल. अभ्यास सुरू करायला एवढं पुरतं.

"आजारी माणसाला संशोधनातलं काय कळणार?" असं विचारणारे भेटतात. आजार जोरात असताना बैठकीला बसणं जमत नाही, कबूल. पण तो काळ सरतो, आणि बाकीचं वर्ष हीच माणसं घर चालवतात, दुकान चालवतात, सोसायटीचं कर्ज फेडतात.

त्यांना बोलवायचं तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. सकाळी आठची बैठक नको, रात्रीच्या गोळीची गुंगी तेव्हा उतरलेली नसते. दहा डॉक्टरांत एकटा माणूस नको. दोघं-तिघं असले तर तोंड उघडतं. मध्येच त्रास वाढून कुणी महिनाभर आलं नाही तर त्याची जागा भरून टाकू नका. शोधनिबंधावर नाव द्यायचं का, हे त्यालाच विचारा, कारण गावात नाव फुटलं तर त्याची झळ त्याच्या बहिणीच्या लग्नापर्यंत पोचते. आणि निष्कर्ष मराठीत, त्यांच्यासमोर बसून सांगा.

सांगली-मिरजेत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. माणसांवरच्या अभ्यासाचा प्रस्ताव नैतिकता समितीपुढं जातो, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्या समितीत समाजातली एक सामान्य व्यक्ती असावी लागते. या आजारातून गेलेल्या माणसालाही तिथं बसवता येईल. मात्र प्रस्ताव समितीपुढं येईतो प्रश्न ठरलेला असतो. पहिली बैठक त्याच्या आधी हवी, कागद कोरा असताना. आणि त्या दिवशी बुडणारा रोज व एसटीचं भाडं प्रकल्पाच्या बजेटमध्ये सुरुवातीलाच धरलेलं हवं.