अर्गुंगू: मासे, भात आणि नदी

श्रोतेहो, नमस्कार.

नायजेरिया म्हटलं की आपल्याला लागोसची गर्दी आणि खनिज तेल आठवतं. आज आपण त्या देशाच्या पार वायव्येला जाऊ, केब्बी राज्यातल्या अर्गुंगूला. अर्गुंगू हे एक स्थानिक शासन क्षेत्र, नायजेरियात अशी 774 आहेत. आपला तालुका असतो तशीच, पण त्यांची नावं थेट देशाच्या राज्यघटनेत नोंदलेली आहेत.

अर्गुंगूची ख्याती मासेमारीच्या उत्सवाची. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मातान फादा या नदीपात्रात हजारो पुरुष एकदम उड्या घेतात. हातात जाळं आणि सोबत भलामोठा सुकवलेला तुंबा. तुंब्याच्या आधाराने तरंगायचं आणि धरलेला मासा त्याच्याच पोटात टाकायचा. तासाभरात सगळं आटोपतं. 2005 साली वजनात पहिला आलेला मासा 75 किलोंचा होता. तो काट्यावर चढवायला चार माणसं लागली.

मला त्या तासाभरापेक्षा उरलेलं वर्ष मोलाचं वाटतं. वर्षभर त्या पात्रात मासेमारी बंद असते. पाण्याची राखण सारकिन रुवा, म्हणजे पाण्याचा मानकरी, याच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. या उत्सवाची सुरुवातही समेटातून झाली. केब्बी आणि शेजारचं सोकोतो या दोन सत्तांचं जुनं वैर मिटलं, आणि 1934 मध्ये सोकोतोच्या सुलतानाच्या स्वागतासाठी मोठी मासेमारी झाली. 2016 मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं.

पोट मात्र भरतं ते मळईच्या जमिनीवर. हौसा भाषेत तिला फदामा म्हणतात. पावसाळ्यात भात, पाणी ओसरलं की कांदा, भाज्या, आणि पंपावर दुसरं भात. भात आधी भिजवायचं, वाफेवर उकडायचं, उन्हात वाळवायचं आणि मग गिरणीत न्यायचं, हे काम बहुतेक बायकांचं. आपल्या कोकणात, गोव्यात खातात तसाच उकडा तांदूळ. भारताचा उकडा तांदूळही वर्षानुवर्षं तिकडच्या बाजारात जातो, अगदी शेजारच्या बेनिनमधून चोरवाटेनेसुद्धा. स्थानिक शेतकऱ्याला बळ द्यावं म्हणून नोव्हेंबर 2015 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारी यांनी केब्बीतच पीककर्जाची योजना सुरू केली, आणि ऑगस्ट 2019 मध्ये तर देशाच्या जमिनीवरच्या सीमाच बंद केल्या.

पण शेवटी सगळं नदीच्या हाती. 1978 मध्ये अर्गुंगूवरून वाहणाऱ्या सोकोतो नदीवर, वरच्या अंगाला, बाकोलोरी धरण झालं. खालच्या खोऱ्यातला पूर कमी झाला आणि भात नि मासे दोन्हींना फटका बसला. उलट 2020 मध्ये एवढा पूर आला की केब्बीतली उभी भातशेती पाण्याखाली गेली. त्यात मे 2023 मध्ये सरकारने पेट्रोलवरचं अनुदान काढलं. छोटे पंप पेट्रोलवरच चालतात, त्यामुळे उन्हाळी भाताचा खर्च एकदम अंगावर आला.

जुलै 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला: केंद्राकडून येणारा निधी राज्य सरकारांनी अडवून न ठेवता थेट स्थानिक शासनाला मिळाला पाहिजे. तो पैसा अर्गुंगूला खरोखर पोहोचला, तर माझ्या मते पहिला खर्च मळईतल्या सौर पंपांवर व्हायला हवा.

नमस्कार.