नांगर सुटलेला मॉल

श्रोतेहो, नमस्कार.

मॉल बंद पडल्याची बातमी एका दिवसाची असते. शटर खाली आलं, कुलूप लागलं, फोटो छापून आले, संपलं. पण तो मॉल त्याआधी दहा-पंधरा वर्षं खंगत असतो, आणि रोज येणाऱ्यांना ते दिसत असतं. आधी एक सरकता जिना थांबतो. त्याच्यासमोर दुरुस्तीची पाटी लागते आणि हळूहळू ती पाटीच जुनी होते. कारंज्यातलं पाणी काढून त्यावर फळ्या टाकतात, फळ्यांवर कुंड्या मांडतात. छत गळायला लागतं, खाली बादली येते. वरच्या मजल्यावरचे निम्मे दिवे मालवले जातात. रिकाम्या गाळ्यांच्या काचांना आतून कागद चिकटतात. नाव असलेली दुकानं जातात आणि त्यांच्या जागी दोन महिन्यांच्या बोलीवर सेल लावणारे येतात. त्यांच्या पाट्या कापडी असतात. कापडी पाटी दिसली की जुन्या गाळेवाल्याला जे समजायचं ते समजतं.

हे सगळं ऑनलाइन खरेदीनं केलं, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते अर्धंच खरं वाटतं. अमेरिकेत शिकागोच्या दक्षिणेला हार्वी नावाचं उपनगर आहे. तिथला डिक्सी स्क्वेअर मॉल 1966 साली उघडला आणि 1978 साली बंद झाला. पुरती 12 वर्षं. तेव्हा घरबसल्या खरेदी करायला इंटरनेट कुठे होतं? आणि बंद झाल्यावर त्या मॉलचा सांगाडा तीन दशकांहून जास्त काळ तसाच उभा राहिला. 2012 मध्ये तो पाडला गेला. म्हणजे जिवंत होता त्याच्या जवळजवळ तिप्पट काळ तो मेलेल्या अवस्थेत लोकांच्या डोळ्यांसमोर होता.

मग दुखणं कुठलं? त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नात जन्मलेला वास्तुविशारद. नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला त्या 1938 सालात तो अमेरिकेला आला. तिथली उपनगरं पाहून तो अस्वस्थ झाला. घरं, मोटारी आणि रस्त्याकडेची दुकानं. पण दोन माणसांनी उभं राहून बोलावं अशी जागाच नाही. मिनेसोटातल्या इडायना गावी 1956 मध्ये त्याचं साउथडेल सेंटर उघडलं. दोन मोठी दुकानं, एकूण 72 दुकानं, आणि सगळी एका छपराखाली. बाहेर हाडं गोठवणारा हिवाळा, आत झाडं, पक्ष्यांचा मोठा पिंजरा, बसायला बाकं. त्याच्या मनातलं चित्र याहून मोठं होतं. भोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग, तळं, आणि मधोमध हा चौक. प्रत्यक्षात सगळ्यांनी उचलला तो फक्त मधला तुकडा आणि त्याच्याभोवती अंथरला डांबराचा समुद्र. ग्रुएन पुढे व्हिएन्नाला परतला, आणि आपल्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या मॉलशी आपलं नातं नाही, असं त्यानं उघडपणे सांगितलं. त्याच्या हयातीतच, 1976 साली, व्हिएन्नाच्याही वेशीवर एक अवाढव्य खरेदी केंद्र उभं राहिलं. मला त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल फार वाईट वाटतं.

तो तुकडाच का उचलला गेला, याचं एक उत्तर हिशेबाच्या वह्यांत आहे. 1954 मध्ये अमेरिकेच्या करकायद्यानं नव्या इमारतीचा घसारा, म्हणजे जुनी होताना घटणारी तिची किंमत, पहिल्या काही वर्षांत झपाट्यानं दाखवायची मुभा दिली. नवं बांधलं की कागदावर तोटा, तोट्यामुळे करात सूट. जुनी इमारत सांभाळण्यात मात्र ती सवलत नाही. मग काय, एक मॉल जुना व्हायच्या आत पुढच्या चौरस्त्यावर दुसरा, त्याच्यापुढे तिसरा. गिऱ्हाईक तेवढंच राहिलं. ऑनलाइन विक्री आली तेव्हा ही ताटातली ओढाताण कधीचीच सुरू झाली होती.

आता करारांबद्दल बोलतो. मॉलचं मरण खरं तिथे लिहिलेलं असतं.

मॉलच्या टोकाला जी दोन-तीन प्रचंड दुकानं असतात, त्यांना या धंद्यात अँकर म्हणतात. अँकर म्हणजे जहाजाचा नांगर. गिऱ्हाईक त्यांच्यासाठी येतं आणि एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधल्या छोट्या गाळ्यांत थबकतं. म्हणून अँकरना चौरस फुटाला भाडं अगदी कमी लावतात. कित्येकदा तर इमारत आणि खालची जमीन त्यांच्याच मालकीची असते. मॉल चालतो तो चपला, चष्मे, खेळणी, दागिने विकणाऱ्या छोट्या गाळेवाल्यांच्या भाड्यावर. एका खेपेला बांगड्यांची दोन पाकिटं विकणारा माणूस त्या टोलेजंग दुकानाचा भार उचलत असतो.

पण हा गाळेवालाही काही भोळा नसतो. विशेषतः अनेक शहरांत शाखा असलेल्या साखळी दुकानांच्या करारात एक कलम असतं. अमुक अँकर बंद पडला, किंवा भरलेल्या गाळ्यांचं प्रमाण ठरल्यापेक्षा खाली गेलं, तर माझं भाडं कमी होईल. मग पूर्ण भाड्याऐवजी मी विक्रीवर फक्त काही टक्के देईन. आणि ठरल्या मुदतीत तुम्ही नवा अँकर आणला नाही, तर मी करार मोडून निघून जाईन. त्याच्या बाजूनं हे रास्तच आहे. आता पुढचं पाहा. एक नांगर सुटला. त्या दिवशी रिकामी झालेली जागा एकच, पण भाडं घसरतं दहा-वीस गाळ्यांचं. मालकाच्या हातात पैसा कमी येतो, तो झाडलोट आणि डागडुजी कापतो, दिवे मालवतो. मॉल उदास दिसू लागतो, गिऱ्हाईक घटतं, आणखी दोघे निघतात. ते गेले की प्रमाण आणखी खाली, आणि आणखी कुणाचं तरी कलम लागू. जे मागे उरतात त्यांच्यावर सामायिक देखभालीचा बोजा बहुधा वाढतच जातो. ज्याच्या करारात असं कलम नाही तो एकटादुकटा दुकानदार शेवटपर्यंत पूर्ण भाडं भरत बसतो. माझा जीव तुटतो तो त्याच्यासाठी.

2018 मध्ये बॉन-टॉनची दुकानं मोडीत निघाली, त्याच वर्षी सीअर्सनं दिवाळखोरीचा अर्ज केला, 2020 मध्ये जेसी पेनीनं. ही तिन्ही अँकर दुकानं. कुठकुठल्या मॉलचे किती नांगर एका दमात सुटले असतील, विचार करा.

बरं, बंद पडलेला मॉल पाडून का टाकत नाहीत? त्याचं उत्तरही करारातच आहे. मधला भाग एकाचा, पूर्वेची इमारत दुसऱ्याची, पार्किंगवर सगळ्यांचा हक्क, कर्ज भलत्याचं. एकानं नाही म्हटलं की सगळं अडतं. शिवाय त्या इमारतीला बाहेरून खिडक्या नसतात, भिंती आंधळ्या. आत कुणाला राहायला किंवा काम करायला ठेवायचं तर उजेड आणायचा कुठून? तोवर तांब्याच्या तारा चोरीला जातात, आगी लागतात, आणि मालमत्ता करातून गावच्या शाळेला मिळणारे पैसे आटतात.

या सगळ्या कागदपत्रांत एका जमातीचं नावच कुठे नसतं. दुकानं उघडण्याआधी, सकाळी, मॉलमध्ये चालायला येणारी वयस्कर माणसं. सपाट फरशी, ऊन नाही, बर्फ नाही, मोटारी नाहीत, दम लागला तर बाक, जवळच स्वच्छतागृह. गुडघे बदललेला माणूस आणखी काय मागतो? कुणाची बायको गेलेली, कुणाची मुलं लांब; चार फेऱ्यांत दिवसाचं बोलणं होतं. आणि संध्याकाळी पोरंसोरं, ज्यांच्या खिशात पैसे नाहीत आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही. ग्रुएनला हवा असलेला चौक या दोन टोकांच्या माणसांनी त्या दुकानांच्या गर्दीतही आपापल्या परीनं शोधून काढला होता. जागा खाजगी, त्यामुळे हक्क काही नाही. बंद करताना त्यांना कुणी नोटीस देत नाही. एके सकाळी दार लागलेलं असतं.

म्हणून बंद मॉलचं पुढे काय होतं, हे मी बारकाईनं पाहतो. ओहायोमधल्या नॉर्थ रँडल या छोट्याशा गावात 1976 साली त्या काळच्या जगातल्या सर्वांत मोठ्या मॉलपैकी एक उभा राहिला होता. 2009 मध्ये तो बंद झाला, पुढे जमीनदोस्त झाला, आणि 2018 मध्ये तिथे अॅमेझॉनचं गोदाम सुरू झालं. गावाला रोजगार मिळाला, ते चांगलंच झालं. पण चालायला तिथे कुणी जाऊ शकत नाही. टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात वेगळं घडलं. 1971 चा हायलँड मॉल खंगत असताना तिथल्या कम्युनिटी कॉलेजनं तो विकत घेतला. एका जुन्या अँकरच्या इमारतीत सहाशेहून अधिक संगणकांची अभ्यासिका 2014 मध्ये उघडली. आंधळ्या भिंती फोडून उजेड आत घेतला. खुद्द साउथडेल अजून चालू आहे, आणि त्याच्या पार्किंगच्या काही भागात आता लोक राहतात.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी नगरपालिकेत असेल, कुणी अशा इमारतीचा मालक किंवा कर्ज देणारा असेल, तर माझी एक विनंती आहे. दुसरा अँकर जायची वाट पाहू नका. पहिला गेला की त्याच आठवड्यात सगळ्या मालकांना एका टेबलाशी बसवा, जागा अजून धडधाकट आहे तोवर. आणि त्या बैठकीआधी एक दिवस सकाळी सातला तिथे जा. चालणाऱ्यांबरोबर एक फेरी मारा. कुठल्या बाकावर ते टेकतात, कुठलं दार त्यांना सोयीचं पडतं, ते टिपून घ्या, आणि तो कागद बैठकीत नकाशाशेजारी ठेवा.

नमस्कार.