आधी वाजवायचं ते

(ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या खुंट्या, अगदी जवळून. वाजवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही.)

ही तार तातीची, म्हणजे जनावराच्या आतड्याची. हवेतला दमटपणा बदलला की सूर चढतो, नाहीतर उतरतो. म्हणून रचना सुरू करण्याआधी तारा लावायच्या आणि लागल्या का ते पाहायला चार सूर छेडायचे. एखादी लकेर, मधेच पुन्हा खुंटी पिळायची. ऐकणारे समोर बसलेलेच असायचे.

पाश्चात्य संगीतातलं प्रेल्यूड, म्हणजे मुख्य रचनेआधीचं वाजवणं, निघालं ते या खटपटीतून. लॅटिनमध्ये ‘प्राए’ म्हणजे आधी, ‘लुदेरे’ म्हणजे खेळणं, वाजवणं. आपण नांदी म्हणून मोकळे होतो. पण नांदी ठरलेली असते, हे ऐनवेळी सुचायचं. पुढची रचना ज्या पट्टीत आहे ती कानात बसवायची, बोटं सैल करायची, हे वाद्य आज कसं बोलतंय ते बघायचं. कागदाचं कामच नव्हतं.

(हस्तलिखिताचं पान. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश.)

कागदावर आलं तेही असं. हे पॅरिसच्या लुई कूपराँ या संगीतकाराचं, हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या पट्ट्यांच्या वाद्यासाठीचं. तो १६६१ साली वारला. नुसते पोकळ गोल. सुराची लांबी सांगणारी दांडी नाही, बारच्या, म्हणजे मात्रांच्या घरांच्या, उभ्या रेघा नाहीत. गोलांवरून गेलेल्या या लांब कमानी तेवढ्या पाहा: कुठला सूर दाबून धरायचा, कुठले एकत्र बांधायचे, ते त्या सुचवतात. किती वेळ, ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. आज दुपारी एक, उद्या दुसरंच.

(हार्प्सिकॉर्डवर तेच पान वाजतं. निवेदन थांबतं.)

(पियानो. फक्त उजवा हात.)

१७२२ साली बाख या जर्मन संगीतकाराने बारा मेजर, बारा मायनर अशा चोवीस पट्ट्यांत प्रेल्यूड लिहिलं आणि प्रत्येकाला फ्यूग जोडला, म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ येते अशी रचना. हे पहिलं, सी मेजरमधलं, ३५ बारांचं. प्रत्येक बारमध्ये एकच आकृती दोनदा, शेवटचे तीन बार सोडले तर. हात जवळजवळ तसाच राहतो, बोटांखालचे स्वर तेवढे सरकतात. पट्टी कानात बसवायचं जुनं कामच हे. पण आता एकेक सूर नेमलेला.

पोलिश संगीतकार शोपाँने १८३८-३९च्या हिवाळ्यात स्पेनच्या मायोर्का बेटावर आपली चोवीस प्रेल्यूड पुरी केली. फ्यूग नाही, पुढे काहीच नाही. सातवं तर १६ बारांत संपतं. सुंदर आहेत, वाद नाही. पण ‘आधी’ हा शब्द तिथून नावापुरता उरला.

(जुनं छायाचित्र: क्लारा शूमन, पियानोपाशी.)

वाजवणाऱ्यांनी मात्र सवय सोडली नव्हती. जर्मन पियानोवादक क्लारा शूमन एखादी रचना वाजवण्याआधी उत्स्फूर्त प्रेल्यूड वाजवायची, एका रचनेतून दुसरीत जाताना त्यावरूनच जायची. १८९५ साली मुलींनी आग्रह केला म्हणून तिने त्यातली काही लिहून दिली. सत्तरी उलटली होती. दरवेळी वेगळं होतं, ते एकदाचं कागदावर थांबलं. पुढच्याच वर्षी ती गेली.

विसाव्या शतकात मैफलीतून ही रीत गेली.

(रिकामा रंगमंच. पियानोवादक येतो, वाकून अभिवादन करतो, स्टूल दोनदा वरखाली करतो. हात पट्ट्यांवर. पहिला छापील सूर.)