हिएन: उघड्या पत्र्याचं विमान

(दृश्य: कटिंग मॅटवर राखाडी स्प्रू, म्हणजे किटचे भाग धरून ठेवणारी प्लॅस्टिकची चौकट. निप्परने पंखाचा भाग सुटतो. जवळून.)

मिलिमीटरचा दहावा भाग. एवढा ओरखडा प्लॅस्टिकवर राहिला, तर हिरवा किंवा राखाडी रंग त्याला पोटात घेतो. चंदेरी रंग घेत नाही. एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात तोच ओरखडा खऱ्या विमानावर जवळपास पाच मिलिमीटर खोल चर ठरतो, आणि दिव्याखाली मॉडेल जरा फिरवलं की आधी तोच दिसतो. म्हणून कावासाकीचं की-६१ ‘हिएन’, हे दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान, करायला घेताना मुरलेला मॉडेलर रंगांच्या बाटल्या नंतर मोजतो. घरात वॉटर पेपर किती उरलाय, ते आधी बघतो.

आपल्यासमोरचं किट टामिया या जपानी मॉडेल कंपनीचं आहे, २०१६ साली बाजारात आलेलं. भाग इतके नेमके बसतात की नुसती जोडणी शाळेतलं पोरही करेल. पंखांचा पसारा २५ सेंटिमीटर. खऱ्या विमानाचा १२ मीटर होता. अवघड भाग पुढे आहे. तो समजायला हे विमान काय होतं, ते आधी बघावं लागेल.

(दृश्य: इंजिनाचा भाग हातात. सिलिंडर खालच्या बाजूला.)

दुसऱ्या महायुद्धातली बहुतेक जपानी लढाऊ विमानं हवेने थंड होणाऱ्या, गोल तोंडाच्या इंजिनावर उडायची. हिएनचं नाक मात्र निमुळतं. आत जर्मन डाइमलर-बेंझ डीबी ६०१ची जपानी आवृत्ती होती: बारा सिलिंडर, द्रवाने थंड होणारं, आणि उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली आणि क्रँकशाफ्ट वर. म्हणूनच एक्झॉस्टच्या नळ्या नाकावर इतक्या खाली आहेत. या इंजिनाचा परवाना जपानी लष्कराने कावासाकीमार्फत घेतला आणि नौदलाने आइचीमार्फत वेगळा. एकाच देशाने एकाच इंजिनाचे पैसे दोनदा मोजले! लष्कर आणि नौदलाचं आपसात किती जमत होतं, हे सांगायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

आराखडा ताकेओ दोई यांचा. पहिलं उड्डाण डिसेंबर १९४१मधलं. एप्रिल १९४२मध्ये अमेरिकी अधिकारी डूलिटलची बॉम्बर विमानं जपानवर आली, तेव्हा चाचणीत असलेलं एक हिएन त्यांच्यामागे धावलं होतं. पुढे दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना हे विमान आधी जर्मन, मग इटालियन वाटलं. त्यावरून त्यांनी ठेवलेलं सांकेतिक नाव, टोनी.

(दृश्य: फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन अर्धे भाग जुळतात. सांध्यावर पातळ गोंद धावतो.)

कॉकपिटपाशी फार रेंगाळत नाही. सीट, पट्टे, घड्याळांचा फलक हे सगळं चिमट्याने बसवायचं, रंगवायचं आणि फ्यूजलाज मिटायचं. मिटल्यावर त्यातलं जेमतेम निम्मं दिसतं. हौस असेल, तर आतली रचना आणि इंजिन दिसावं म्हणून किटमध्ये पारदर्शक भागही दिले आहेत. मी ते वापरत नाही. ज्याची मजा पत्र्यात आहे, त्याचा पत्राच काचेचा का करायचा?

आता सांधा. गोंद पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली तर काही आठवड्यांनी सांधा पुन्हा खाली बसतो. मग ४००चा पेपर, ८००, १५००, २०००, पाणी लावून, अगदी हलक्या हाताने. घासताना पॅनेलच्या रेषा पुसल्या जातात, त्या सुईने पुन्हा कोरायच्या. बोट फिरवून सांधा लागला नाही म्हणजे काम झालं, असं नाही. पूर्ण भागावर चकचकीत काळा लॅकर फवारायचा, मग खरा निकाल कळतो. हा काळा थर धातूच्या रंगाचा पाया असतो आणि राहिलेला प्रत्येक दोष तो दाखवून देतो. दोष दिसला की पुन्हा ८००पासून सुरुवात. एक सूचना: मुंबईत किंवा कोकणात असाल, तर हे काम भर पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो आणि चकाकी जाते.

(दृश्य: काळ्या पंखावर चंदेरी रंगाचा पहिला पातळ हात.)

यावर अॅल्युमिनिअमचा रंग, एकदम पातळ थरांत. सगळा पत्रा एकाच छटेचा नको. मास्किंग टेप लावून काही पॅनेल किंचित गडद करायची, काही फिकट. आणि इथे एक गोष्ट बऱ्याच सुंदर मॉडेल्समध्येही चुकलेली दिसते. रडर, एलेव्हेटर आणि एलरॉन, म्हणजे शेपटीवरच्या आणि पंखांवरच्या हलणाऱ्या झडपा, यांच्यावर पत्रा नव्हता, कापड ताणलेलं होतं. ते चमकत नाही. त्यावर मळकट राखाडी-हिरवा रंग हवा. एवढा एक भाग बरोबर रंगवला, की शेजारचं चंदेरी खरोखर धातू वाटायला लागतं.

जपानी खुणेचे लाल गोल डिकलने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चित्राने, लावता येतात, पण गुळगुळीत धातूवर डिकलची कड उठून दिसते. मी टेप कापून ते फवारतो. वैमानिकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून नाकावर काळा पट्टा, पंखांच्या पुढच्या कडेला पिवळा. इथपर्यंत विमान देखणं दिसतं. अनेक जण इथेच थांबतात, आणि मला त्यांचं कारण पटतं.

(दृश्य: एअरब्रशची सुई. शेजारी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर हिरव्या रेघोट्या.)

कारण यापुढे ठिपके आहेत. बरीचशी हिएन कारखान्यातून उघड्या पत्र्यावरच बाहेर पडली. वरून दिसू नये म्हणून त्यांच्यावर हिरवा रंग नंतर, तळावर चढवला गेला: स्प्रेगनने, वेड्यावाकड्या पट्ट्यांत आणि ठिपक्यांत. खाली प्रायमर नसल्याने तो धड टिकतही नसे, पापुद्रे निघत. एका विमानाची नक्षी दुसऱ्यासारखी नाही, आणि एकाच विमानाची डावी बाजू उजवीसारखी नाही.

खऱ्या विमानावरचा दहा सेंटिमीटर रुंदीचा पट्टा मॉडेलवर दोन मिलिमीटरचा होतो. त्याच्या कडेची विरळ धूळ अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहायला हवी, नाहीतर विमान धुक्यातून आल्यासारखं दिसतं. त्यासाठी ०.२ मिलिमीटरचं नोझल, भरपूर थिनर घातलेला रंग, कॉम्प्रेसरचा दाब १० पीएसआयच्या आसपास आणि सुईचं टोक पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर. दाब वाढला की रंग कोळ्यासारखा पाय पसरतो. रंग दाट झाला की टोकावर सुकतो, मग थुंकतो. म्हणून दर काही ठिपक्यांनी टोक थिनरच्या बोळ्याने पुसायचं, एक रेघ चमच्यावर मारून बघायची आणि मग विमानाकडे वळायचं.

त्याहून कठीण म्हणजे हाताची सवय. माणसाचा हात नकळत नक्षी काढायला लागतो: सारखं अंतर, सारखा आकार. तळावरच्या मेकॅनिकपुढे विमान उभं होतं आणि ते लवकर झाकायचं होतं. नक्षीचा विचार करायला त्याला सवड नव्हती. त्याची ती घाई आपल्याला संथपणे, ठिपक्यामागून ठिपका, फोटो समोर ठेवून उतरवायची असते. या किटमधलं खरं आव्हान मला हेच वाटतं. टामियालाही ते ठाऊक असावं. याच विमानाचं चंदेरी मुलामा चढवलेलं किटही त्यांनी काढलं आणि सोबत हिरव्या नक्षीचे डिकल दिले.

(दृश्य: अर्धं रंगवलेलं मॉडेल. हिरव्यातून पत्रा डोकावतो.)

ही घाई कशाची होती? १९४३मध्ये ६८वी आणि ७८वी सेंताई, म्हणजे लष्कराच्या विमानांची दोन पथकं, हिएन घेऊन राबौल आणि न्यू गिनीकडे गेली. लांबचा समुद्र ओलांडताना काही विमानं वाटेतच गेली. पुढे उष्ण, दमट हवा, सुट्या भागांची टंचाई आणि मुळातच नाजूक इंजिन. ऑगस्टमध्ये न्यू गिनीतल्या वेवाकच्या तळांवर अमेरिकी हल्ले झाले, तेव्हा कित्येक जपानी विमानं जमिनीवरच जळाली. वरून चमकणाऱ्या पत्र्याची किंमत तिथे कळत होती.

दुसरी गोष्ट टोकियोची. शहराच्या रक्षणासाठी चोफूच्या तळावर २४४वी सेंताई होती. अमेरिकेचे बी-२९ बॉम्बर फार उंचावरून यायचे आणि तिथे हिएनचा दम निघायचा. हलकं व्हावं म्हणून काही विमानांतल्या तोफा काढल्या, आणि शत्रूवर विमानच आदळण्याचं काम वैमानिकांना दिलं. सेंताईचा प्रमुख तेरुहिको कोबायाशी चोविशीतला होता. जानेवारी १९४५मध्ये तो स्वतः एका बी-२९वर आदळला आणि पॅराशूटने वाचला. त्याच्या सगळ्याच सोबत्यांचं नशीब तसं नव्हतं. डिकलच्या कागदावर या पथकाच्या खुणा फार देखण्या दिसतात. लावताना एवढं आठवलेलं बरं.

(दृश्य: ठिपके पूर्ण. मॉडेल दिव्याखाली हळूहळू फिरतं.)

पूर्ण हिएन बघायचं, तर ते गिफू प्रांतातल्या काकामिगाहाराच्या विमान संग्रहालयात आहे, कावासाकीने ही विमानं बांधली त्याच गावात. ते नंतरच्या, दुसऱ्या आवृत्तीचं आहे. बरीच वर्षं ते दक्षिण जपानमधल्या चिरान इथे होतं, रंगवलेलं. २०१६च्या सुमारास कावासाकीने त्याची डागडुजी करून ते उघड्या पत्र्यात मांडलं. त्याचे फोटो मी काम करताना समोर ठेवतो. पत्रा आरशासारखा नाही. कुठे पोचे, कुठे मंद, कुठे उजळ. मुलामा दिलेल्या किटइतकं झगमगीत हिएन म्हणूनच माझ्या डोळ्यांना पटत नाही, मग डिकल कितीही सुबक असोत.

आता शेवटची कामं. एक्झॉस्टपासून पंखाच्या मुळापर्यंत काजळीची फिकट रेघ, अँटेनाची तार, आणि सगळ्यात शेवटी पंखावरची, वेग मोजणारी बारीक पिटो नळी. आधी लावली तर ती मोडणारच.

आणि ठिपके बघूनच ज्यांचा धीर सुटला असेल, त्यांच्यासाठी सोयीची वाट आहे. जानेवारी १९४५मध्ये बी-२९नी आकाशीचा इंजिन कारखाना उद्ध्वस्त केला. सुमारे पावणेतीनशे हिएन इंजिनाविना उभी होती. कावासाकीने त्यांच्या अरुंद नाकावर मित्सुबिशीचं गोल, हवेने थंड होणारं इंजिन बसवलं, आणि १ फेब्रुवारीला ते उडालंही. हे की-१००. वैमानिकांना ते मूळ विमानापेक्षा भरवशाचं वाटलं. कारखान्यातूनच वरून एकसारख्या गडद रंगात यायचं, त्यामुळे एक सपाट हात मारला की भागतं. किट मिळतं. सांधा मात्र तिथेही घासावाच लागतो.